स्वीट घ्या, पण बसा बाहेर

बेसबॉल मॅचला वीसेक जणांसाठी स्वीट (मैदानाकडे काच असलेली खासगी एसी खोली, पुढे बाहेर खुर्च्या) घ्यावा की साधी तिकिटं, असा प्रश्न आहे ना? आम्ही ऑफिसच्या ग्रुपने डरहॅम बुल्सच्या मैदानावर स्वीट घेतला होता. (अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना. मेजर लीग ही सर्वात वरची लीग, तिथल्या टॅम्पा बे रेजची ही एक पायरी खालची, ट्रिपल-ए टीम.) जुलैतली दमट संध्याकाळ, सोबत दोन लहान मुलं आणि एकांचे सासू-सासरे, म्हणून एसीचे पैसे वसूल झाले.

पण अर्धी मंडळी काचेआड गप्पा छाटत बसली आणि मॅच राहिली बाजूला. मजा समोरच्या खुर्च्यांवर आहे. डाव्या बाजूला ३२ फुटी निळी भिंत, तिच्यात हाताने आकडे बदलायचा स्कोअरबोर्ड आणि वर बैलाची भलीमोठी पाटी. बुल्सने होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारली की त्याचे डोळे लाल होतात, शेपूट हलते, नाकातून धूर निघतो. त्या बैलाला चेंडू लागला तर बॅटरला स्टेक, पाटीवरच्या गवताला लागला तर सॅलड! आमच्यातल्या शाकाहारी काकांनी गवतावरच पैज लावली होती.

क्रिकेटवाल्यांना कंटाळा येईल ही भीती सोडा. इथे २०१५ पासून पिच क्लॉक (चेंडू ठरावीक सेकंदांत टाकायला लावणारं घड्याळ) आहे, मेजर लीगमध्ये तो २०२३ साली आला. आमची मॅच अडीच तासांत आटोपली.

एकच सांगतो, शाकाहारी किती ते बुकिंग करतानाच कळवा. आम्ही आयत्या वेळी बोललो, मग काय, नाचोज आणि पॉपकॉर्नवर भागवलं.