मणक्याच्या गादीवर लेझर: करावं की थांबावं?

टेम्पोवाला, सांगली: कमरेतल्या एल-४ एल-५ मणक्यांमधली गादी सरकलीय, नस दबलीय. डाव्या कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत कळ जाते, क्लच दाबला की डोळ्यांसमोर काजवे. महिना होत आला. एक डॉक्टर म्हणतात, टाके नाहीत, लेझरने करू, संध्याकाळी घरी. कुणी केलंय का?

पाटीलकाका: आमच्या मेहुण्याने केलं. दुसऱ्या दिवशी जिना चढला. करून टाका.

निवृत्त ओटी सिस्टर: काका, मेहुण्याची गादी वेगळी, यांची वेगळी. दादा, हे १९८६ पासून चालतं, ऑस्ट्रियात ग्राझला चॉय आणि आशर यांनी सुरू केलं. जागेपुरती भूल देतात, सी-आर्मवर, म्हणजे चालू एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुई गादीच्या मध्यात नेतात आणि तिच्यातून केसासारखा बारीक तंतू आत सोडतात. लेझर सलग मारत नाहीत, थांबत थांबत देतात, नाहीतर उष्णता शेजारच्या हाडाला, नसेला लागते. पेशंटला मुद्दाम जागं ठेवतात. पायात चटका गेला की तो ओरडतो आणि डॉक्टर हात आवरतात! गादीतला गर बराचसा पाणीच, त्यातला चिमूटभर वाफ होऊन गेला तरी आतला दाब उतरतो.

पण गादीचं बाहेरचं कडं शाबूत असेल तरच याचा उपयोग. नेदरलँड्समध्ये ११५ जणांवर तुलना झाली. वर्षाअखेर लेझरवाले आणि ऑपरेशनवाले जवळपास सारखेच होते, मात्र लेझरवाल्यांना बरं व्हायला वेळ लागला आणि पुन्हा ऑपरेशनही त्यांच्यातच जास्त जणांना लागलं. हे कुणी आधी सांगत नाही. एमआरआयच्या रिपोर्टात शेवटी काय लिहिलंय?

टेम्पोवाला, सांगली: 'सिक्वेस्ट्रेटेड फ्रॅगमेंट' असं काहीतरी आहे ताई.

निवृत्त ओटी सिस्टर: म्हणजे तुकडा सुटून बाहेर पडलाय. सुई गादीत जाणार, तुकडा बाहेर. लेझर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हा रिपोर्ट बघून लेझर सुचवलं असेल तर दुसऱ्या स्पाइन सर्जनला दाखवाच. असे तुकडे पुष्कळदा काही महिन्यांत शरीरच जिरवतं, त्यामुळे पायात ताकद असेल तर गोळ्या, फिजिओ आणि धीर. टेम्पो तूर्त दुसऱ्याकडे द्या. पंजा उचलेना झाला, लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर मात्र सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.