विडी कामगार बायकांवरचा लेख कॉलेजच्या अंकात घ्यायचाय, एक वाक्य अडलंय

विडी घरकुलची
एलएलबी तिसरं वर्ष. आमच्या मानवाधिकार अंकाच्या संपादनात माझ्याकडे मैत्रिणीचा लेख आलाय. मुलाखती फार चांगल्या आहेत. एक मावशी सांगतात, कारखान्यात विड्या घेताना मूठभर नापास म्हणून बाजूला काढतात. त्यांची मजुरी नाही आणि त्या विड्याही परत मिळत नाहीत. पण पुढे लिहिलंय, ‘भारताने आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) करार क्र. 177 चा भंग केला.’ हे ठेवू का? मावशींचं नाव छापू का? माझी आईही विड्या वळते, लेख कच्चा जायला नको.

पूर्व भागातला वकील
ते वाक्य काढा. 177 हा घरून काम करणाऱ्यांसाठीचा 1996 चा करार, भारताने त्याला अनुसमर्थनच, म्हणजे बांधील होण्याची औपचारिक मान्यताच, दिलेलं नाही. मग भंग कसला?

मुद्दा मात्र सोडू नका. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा करार भारताने 1979 मध्ये स्वीकारला. रास्त मजुरी त्याच्या कलम 7 मध्ये आहे. त्या कलमाला भारताने निवेदन जोडलंय, पण ते बढतीच्या समान संधीपुरतं. तळटीपेत तेवढं लिहाच.

माझ्या मते याहून उपयोगाचं तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक कराराचं कलम 17. भारताने तो 2004 मध्ये मान्य केला. तंबाखू कामगारांना परवडेल असा पर्यायी रोजगार पुढे आणावा, असं ते सरकारांना सांगतं. पाकिटावरच्या धोक्याच्या इशाऱ्याच्या चित्रांवर सगळे बोलतात, या कलमावर क्वचितच कोणी. उद्या विडी बंद झाली तर आपल्याकडे किती घरांच्या चुली पेटतील?

नापास विड्यांसाठी 1966 चा विडी-सिगार कामगार कायदा बघा. घरी वळणारीही त्यात कामगार आहे. कलम 39 मध्ये नापास विड्यांच्या मजुरीचे वाद येतात, आणि 1974 मध्ये मंगलोर गणेश बीडी खटल्यात सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला. आता तो 2020 च्या कामगार सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीबद्दलच्या संहितेत सामावलाय, म्हणून मावशींची घटना कधीची, हे आधी विचारून घ्या.

अशोक चौक
नाव नकोच. नुसतं नाव गाळूनही भागत नाही. गल्ली, कारखाना, ‘मुलगा रिक्षा चालवतो’ एवढ्यावरून मुकादम ओळखतो, आणि दुसऱ्या दिवशी विड्या वळायला पानं-तंबाखू मिळणं बंद होतं. मावशी तेलुगू बोलत असतील तर छापायचा मजकूर त्यांना तेलुगूत वाचून दाखवा, मग संमती घ्या.

विडी घरकुलची
रिक्षाचं खरंच लेखात आहे, काढते. रविवारी मैत्रिणीला घेऊन मावशींकडे जाते. वकीलसाहेब, 177 ला भारताने अनुसमर्थन द्यावं, अशी मागणी शेवटी घातली तर?

पूर्व भागातला वकील
जरूर घाला. कलम 17 वर वेगळा परिच्छेद मागा. मसुदा झाला की तळटीपा मला पाठवा, मी तपासून देतो.