झेफरमध्ये स्टॅटिक थ्रेडला पॉइंटर द्यायचा कसा?

सर्किटवाला:
मंडळी, झेफर आरटीओएसवर (छोट्या बोर्डांवर चालणारी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) दोन टेम्परेचर सेन्सर लावलेत, दोघांचं काम सेमच म्हणून एंट्री फंक्शन एकच लिहिलं आणि के_थ्रेड_डिफाइन हा मॅक्रो (कंपाइलच्या वेळीच स्टॅटिक थ्रेड ठरवणारा) दोनदा टाकून दोन थ्रेड केले. प्रत्येकाला आपापल्या स्ट्रक्टचा पॉइंटर द्यायचाय. वर एक पॉइंटर व्हेरिएबल केला, त्यात सेन्सर_एचा अ‍ॅड्रेस ठेवला आणि तोच पी१ (एंट्री फंक्शनला मिळणारं पहिलं आर्ग्युमेंट) म्हणून दिला तर एरर येतोय, 'इनिशियलायझर एलिमेंट इज नॉट कॉन्स्टंट'. अ‍ॅड्रेस तर ठरलेलाच आहे ना मग?

फर्मवेअर_ताई:
अ‍ॅड्रेस ठरलेला आहे रे, पण तू अ‍ॅड्रेस देतच नाहीयेस, व्हेरिएबल देतोयस. हा मॅक्रो कुठलं फंक्शन कॉल करत नाही, फाइल लेव्हलला एक स्टॅटिक स्ट्रक्ट बनवतो आणि पी१, पी२, पी३ त्यात भरून ठेवतो, म्हणजे प्रोग्रॅम चालू व्हायच्या आधीच व्हॅल्यू पक्की हवी. सेन्सर_ए फंक्शनच्या बाहेर स्टॅटिक ठेव आणि सरळ &सेन्सर_ए दे. स्ट्रक्टमध्ये डिव्हाइसचा पॉइंटर असेल तर डिव्हाइस_डीटी_गेट वापर, ते कंपाइलच्या वेळीच पॉइंटर देतं; डिव्हाइस_गेट_बाइंडिंग रनटाइमला चालतं म्हणून इथे पुन्हा हाच एरर येईल. नुसता नंबर द्यायचा असेल तर नंबरचा पॉइंटर करणारा इंट_टू_पॉइंटर आहेच.

सर्किटवाला:
झालं कंपाइल, थँक्यू ताई! आता वेगळंच. स्ट्रक्टमधला इंटरव्हल मी मेनमध्ये फ्लॅशमधून वाचून भरतो, थ्रेडची प्रायॉरिटी ७ होती तोवर नीट चालत होतं, -१ केली तर थ्रेडला इंटरव्हल ० दिसतो.

जुना_गडी:
यात माझे दोन दिवस गेलेत म्हणून नीट सांगतो. के_थ्रेड_डिफाइनमध्ये डिले (थ्रेड किती वेळाने सुरू व्हायचा) ० दिला की स्टॅटिक थ्रेड मेनच्या आधीच रेडी होतात. मेनची डिफॉल्ट प्रायॉरिटी ०, आणि आकडा जितका लहान तितका थ्रेड वरचा. ७ वाला मेन कुठेतरी स्लीप होईपर्यंत ताटकळत बसतो, तेवढ्यात तुझं स्ट्रक्ट भरून होतं, म्हणजे ते नशिबाने चालत होतं. -१ वाला मेनची पहिली ओळ चालायच्या आधीच घुसतो आणि रिकामं स्ट्रक्ट वाचतो. पॉइंटर बरोबर, आतला माल अजून आलेला नाही. डिलेच्या जागी सिस_फॉरएव्हर_एमएस टाक, म्हणजे थ्रेड आपणहून सुरूच होणार नाही, आणि मेनमध्ये भरून झालं की के_थ्रेड_स्टार्ट कर. अंदाजाने ५०० मिलिसेकंद वगैरे डिले अजिबात नको, मी तेच केलं होतं, टेबलावर चाललं आणि फ्लॅश वाचायला जरा जास्त वेळ लागला तिथे परत शून्य.

सर्किटवाला:
केलं, -१ वर पण दोन्ही सेन्सर बरोबर इंटरव्हलने वाचतायत 🙏