12-15 लाखांच्या इलेक्ट्रिक गाडीत हेड-अप डिस्प्ले: कामाचा की मिरवायचा?

घोडबंदर_ईव्ही
मंडळी, बजेट 15 लाखांपर्यंत, गाडी इलेक्ट्रिकच घ्यायची. रोजचा रस्ता कासारवडवली ते महापे, महिन्यातून दोनदा मुंबई-पुणे एक्सप्रेसवे. या किमतीत कंपन्या सनरूफ देतात, रंग बदलणारे दिवे देतात, पण समोर काचेवर वेग दाखवणारा हेड-अप डिस्प्ले जवळपास कोणी देत नाही. पेट्रोलच्या बलेनो आणि ब्रेझात मात्र 2022 पासून मिळतो. मग ईव्हीत का नाही? द्यायला हवा का? आणि बाहेरून बसवला तर चालतो का?

काच_आणि_भिंग
आधी दोन प्रकार वेगळे करू. बलेनोत डॅशबोर्डवरून एक छोटी पारदर्शक पट्टी वर येते आणि आकडे तिच्यावर दिसतात. हा कंबायनर. महिंद्राच्या बीई 6 मध्ये वरच्या व्हेरियंटला आहे तो थेट विंडशील्डवर पडणारा. खर्चाचा सगळा फरक तिथे आहे.

विंडशील्ड म्हणजे दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकचा थर, मिळून साधारण 5 मिलिमीटर. प्रकाश आतल्या पृष्ठभागावरून परततो, तसाच बाहेरच्यावरूनही. त्यामुळे 60 च्या आकड्याला वर किंचित सरकलेली फिकट सावली येते. ती घालवायला मधला थर खाली पातळ आणि वर जाड, म्हणजे पाचरीसारखा घ्यावा लागतो. ही काच महाग. शिवाय आत वक्र आरसे लागतात आणि चित्र दोन-अडीच मीटर पुढे, बॉनेटच्या टोकाशी तरंगल्यासारखं दिसावं म्हणून डॅशबोर्डखाली बरीच जागा लागते. छोट्या ईव्हीत त्या जागेवर एसीच्या डक्टचा आधीच दावा असतो.

आणखी एक भानगड उन्हाची. ज्या वाटेने चित्र वर येतं त्याच वाटेने ऊन खाली उतरतं, आणि वक्र आरसा ते भिंगासारखं नेमकं चित्र तयार करणाऱ्या पॅनलवर गोळा करतो. म्हणून चांगल्या डिस्प्लेत उष्णता गाळणारा फिल्टर असतो, आणि गाडी बंद केली की आरसा तिरका होऊन बसतो. स्वस्तात करताना पहिली कात्री इथे लागली, तर मे महिन्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पॅनलवर डाग पडणारच.

नेरुळ_पामबीच
माझं मत सरळ आहे: नको. मीटर स्टीअरिंगच्या मागे, नजरेच्या टप्प्यात असेल तर हा चोचला आहे. त्याच पैशात 3.3 ऐवजी 7.2 किलोवॉटचा एसी (घरच्या विजेवर चालणारा) चार्जर द्या. 45 किलोवॉट-तासांची बॅटरी 3.3 वर रिकामी ते पूर्ण भरायला 14 तास घेते, 7.2 वर साडेसहा-सात. सोसायटीत एकच चार्जिंग पॉइंट चार जणांत वाटून घेणाऱ्याला विचारा काय हवं ते.

हां, ज्या गाडीत वेगसुद्धा मधल्या टचस्क्रीनवरच दिसतो, तिथे हेड-अप डिस्प्ले सक्तीचा करा म्हटलं तरी माझी हरकत नाही.

काच_आणि_भिंग
चार्जरचं शंभर टक्के मान्य. पण चोचला कोणासाठी, ते वयावर आहे. चाळिशी लागली की लांबचं स्वच्छ दिसतं, पण 70-75 सेंटीमीटरवरचं मीटर पुसट होतं. रस्त्यावरून मीटरवर आणि परत रस्त्यावर नजर जुळवायला डोळ्याला वेळ लागतो. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चित्र दोन मीटरवर असेल तर ते प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या वरच्या भागातूनच वाचता येतं, मान खाली घालावी लागत नाही.

दुसरं, वेगमर्यादा. अटल सेतूवर 100, त्याच्या रॅम्पवर 40. एक्सप्रेसवेवर सपाटीला 100, घाटात 60. इंजिनाचा आवाज नसल्याने ईव्हीत वेग कानाला कळत नाही. 2019 पासून सक्तीचा असलेला बीप 80 ला आणि 120 ला वाजतो, 60 च्या पट्ट्यात तो मुकाच. रेंजची काळजी मात्र सोडा. 15 वॉटचा डिस्प्ले तासभर चालला तर सव्वाशे मीटरचीसुद्धा रेंज जात नाही.

तुर्भे_ग्लासफिटिंग
काच फुटल्यावरचं कोणी बोलत नाही. गायमुखच्या घाटात डंपरच्या चाकाखालचा एक खडा पुरतो. पाचरीची काच आणि साधी काच मापाला सारखीच असते, त्यामुळे साधी काच बिनबोभाट बसते आणि रात्री आकडे दुहेरी दिसायला लागतात. मग गिऱ्हाईक म्हणतं डिस्प्ले बिघडला. चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या, तोच बिलावर लिहून घ्या आणि जुन्या काचेचा कोपऱ्यातला शिक्का नव्या काचेशी ताडून बघा. आरशामागे एडासचा (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन वेगळं करावं लागतं. विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, पण क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. आधी हिशेब मांडा.

कंबायनरमध्ये हे काही नाही. फक्त ती पट्टी प्लॅस्टिकची असते. सकाळी गाड्या पुसणाऱ्याचा ओला फडका तिला लागू देऊ नका, आणि अमोनियाचा काच-क्लीनर तर नाहीच. ओलसर मायक्रोफायबर, हलक्या हाताने, बस.

शोरूममध्ये बघताना आधी सीट जुळवा, मग चित्राची उंची. गाडी बाहेर उन्हात काढायला लावा. पोलराइज्ड गॉगल घालून बघा, बऱ्याच डिस्प्लेंचे आकडे त्यात जवळजवळ गायब होतात. आणि डॅशबोर्डवरचा गणपती चित्र जिथून वर येतं त्या खाचेपासून लांब बसवायचा. खाचेवर मॅट टाकून "दिसत नाही" म्हणून येणारेही असतात.

घोडबंदर_ईव्ही
सगळ्यांचे आभार. म्हणजे कंबायनर असेल तर घ्यावा, त्यासाठी गाडी बदलू नये. आता शेवटचं: दोन-तीन हजारांत ओबीडीला, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटला, लावायचे डिस्प्ले मिळतात, ते?

कोपरी_वायरिंग
ईव्हीत ओबीडीवाला टाळा. एक तर बऱ्याच ईव्ही ठरावीक कोडना उत्तरच देत नाहीत, बॅटरीची टक्केवारी तर नाहीच नाही. दुसरं, ओबीडीच्या 16 नंबरच्या पिनला 12 व्होल्ट कायम असतात. यंत्र झोपलं नाही आणि 150 मिलिअँपिअर ओढत राहिलं, तर दिवसाला 3.6 अँपिअर-तास गेले. गणपतीला गावी गेलात आणि गाडी आठ दिवस उभी राहिली, तर छोटी 12 व्होल्टची बॅटरी बसते. मग मोठी बॅटरी 90 टक्के भरलेली असली तरी कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे मोठे स्विच) ओढले जात नाहीत आणि गाडी चालू होत नाही.

जीपीएसवाला घ्या, गाडीबरोबर बंद होणाऱ्या 12 व्होल्टच्या सॉकेटवरून. तो मीटरपेक्षा तीन-चार किलोमीटर कमी दाखवेल. ते ठीक आहे, मीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवतात. घोडबंदरला मेट्रोच्या पुलाखाली आकडा अडखळेल. वायर ए-पिलरच्या (समोरच्या काचेच्या कडेच्या खांबाच्या) आवरणात कोंबू नका, बऱ्याच गाड्यांत तिथे पडद्याची एअरबॅग असते. डॅशबोर्डच्या खालून न्या. सोबत येणारी चकचकीत फिल्म काचेवर चिकटवू नका. समोरच्या काचेतून 70 टक्के प्रकाश आत यायलाच हवा, शिवाय उन्हात तिला फुगे येतात. आणि हाय व्होल्टेजच्या नारिंगी वायरींच्या आसपासही हात नेऊ नका.