ओट्याला क्वार्ट्झ लावा म्हणणाऱ्यांनी आधी त्यावर तापलेला तवा टेकवून बघावा

दगडफूल

सोसायटीच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरत आली. "ग्रॅनाइट जुनाट झाला. नवीन किचन करताय तर क्वार्ट्झशिवाय दुसरा विचारच नको. डाग नाही, ओरखडा नाही, देखभाल शून्य, जन्माची निश्चिंती." खाली अंगठ्यांची रांग. दोघीतिघी तर कोटेशन मागवायला निघाल्या. तिथे दोन ओळींत सांगून भागणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

क्वार्ट्झची लादी म्हणजे खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाचा चुरा आणि तो बांधून ठेवणारं रेझिन. चुऱ्याला उष्णतेनं काही होत नाही, रेझिनला होतं. दीडशे अंशांच्या पुढे गेलं की ते पिवळं पडू शकतं, एखाद्या वेळी लादीला चीरही जाते. आता आपल्या घरात काय चालतं ते बघा. तळणीचं तेल एकशे ऐंशीच्या घरात. भाकरीचा बिडाचा तवा दोनशेच्या वर. तो उतरवून आपण कुठे ठेवतो? ओट्यावर. "खाली मॅट ठेवायची" असं त्या पोस्टमध्येच बारीक अक्षरात लिहिलंय. सणाच्या दिवशी एका बाजूला पुरण शिजतंय, दुसरीकडे कटाला फोडणी, हातात सांडशीत धरलेलं पातेलं. त्या घाईत मॅट कोण शोधणार? ओट्यानं बाईला सांभाळून घ्यायचं की बाईनं ओट्याला?

आणि हळद. फिक्या क्वार्ट्झवर ओली हळद लगेच पुसली तर जाते, रात्रभर राहिली तर पिवळा डाग धरून बसतो.

माझ्या माहेरचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे. त्यावर लोखंडी खलबत्त्यात मसाला कुटला जातो, नारळ फुटतो, कुकर थेट टेकवला जातो. आज पुसला की तोंड दिसतं. गडद ग्रॅनाइट घ्या, जाडी अठरा मिलिमीटरच्या खाली नको, आणि वाचलेले पैसे बसवणाऱ्या चांगल्या कारागिराला द्या.

ठाणेकर_किरण

दगडफूलताई, क्वार्ट्झवर एवढा राग का? आमच्याकडे क्वार्ट्झ आहे, बरीच वर्षं आहे, एक डाग नाही. शेगडीशेजारी एक लाकडी पाट कायमचा ठेवला, विषय संपला. त्याला तिसरा हात लागत नाही.

ग्रॅनाइटचं तुम्ही एवढं कौतुक केलंत, आता आमचा अनुभव ऐका. आधीच्या घरात जेट ब्लॅक म्हणून दुकानदारानं गळ्यात मारलेला दगड. वर्षाच्या आत शेगडीपुढचा भाग करडा पडला आणि लिंबू चिरायच्या जागी धुरकट ठसे. नंतर कळलं की तो मुळात करडा दगड, वरून रंग आणि मेण चढवून काळा केलेला. दुकानदाराचं उत्तर, "साहेब, नॅचरल स्टोन आहे, थोडं होणारच." क्वार्ट्झ कारखान्यातून येतो, नमुना दाखवला तसाच येतो. दुप्पट-तिप्पट पैसे मी त्या खात्रीचे मोजले.

दगडफूल

रंगवलेला दगड तुम्हाला विकला हा दुकानदाराचा लबाडपणा. त्याची शिक्षा ग्रॅनाइटला कशाला? पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन लादी घासायची. फडकं काळं झालं की त्या दुकानातून बाहेर पडायचं.

आगळ_सोलकढी

तुम्ही शहरातली माणसं उगाच भांडताय. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात कडप्पा आहे. स्वस्त, मजबूत, चकाकी नसल्यामुळे भांडं घसरत नाही. आजीनं त्यावरच आयुष्य काढलं.

दगडफूल

कडप्पा म्हणजे चुनखडक. त्यावर कोकमाच्या आंबट आगळाचा थेंब सांडून तासभर तसाच ठेवा आणि पुसून बघा. दगड आंबटानं खाल्लेला असतो, तिथे पांढुरका ठसा राहतो. संगमरवराचं तेच. तुमच्या नावातच आगळ आहे, म्हणून तुम्हाला तरी हे सांगायला लागू नये.

आगळ_सोलकढी

ठसे आहेत. कोण बघतंय? ओटा कामाला असतो, पाहुण्यांना दाखवायला नसतो. खोबरेल तेलाचा हात फिरवला की पुन्हा काळाभोर. तुमच्या ग्रॅनाइटच्या खाली आधाराला उभ्या फाड्या कसल्या असतात? कडप्प्याच्याच ना?

उंच_मान

सगळे दगडावर बोलताय, उंचीवर कोणी अक्षर काढलं नाही. माझी उंची पाच फूट आठ इंच. सासरचा ओटा बत्तीस इंची. रोज कणीक मळताना पाठीतून कळ जाते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी फिजिओथेरपिस्टकडे चकरा सुरू झाल्या. आता किचन नवीन करतोय तर मी छत्तीस म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "मला कढईत डोकावता यायचं नाही." त्या चार फूट अकरा. नवऱ्याचं मत विचारलं तर तो म्हणाला तुम्ही दोघी ठरवा. दगड कुठलाही लावा हो, पाठ मोडली की सोन्याचा ओटा असला तरी काय कामाचा?

ठाणेकर_किरण

साधा हिशेब आहे. कोपर वाकवून जमिनीपासून माप घ्यायचं, त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. तुम्हाला सदतीसच्या आसपास लागेल, सासूबाईंना बत्तीस. मध्ये चौतीस करा.

उंच_मान

चौतीस म्हणजे दोघींची पाठ दुखणार. मधला मार्ग सुचवणारे पुरुष रोज किती वेळ ओट्याशी उभे असतात ते एकदा मोजा.

ठाणेकर_किरण

मी रोज सकाळचे डबे करतो. माहिती नसताना बोलू नका.

शांता_आजी

उंच_मान, तुझं दुखणं मला समजतंय, पण बाळा, सासूबाईंचं वय बघ. उंच ओट्यावर शेगडी ठेवली की उकळत्या आमटीचं पातेलं छातीच्या पातळीला येतं. शेगडीच मुळात चार-पाच इंच उंच असते. माझ्या धाकट्या बहिणीचा हात त्यातच भाजला, अजून व्रण आहे. सुनेची पाठ दुखते म्हणून सासूनं भाजून घ्यायचं का?

उंच_मान

आजी, भाजून घ्या असं मी कुठे म्हटलं? प्रत्येक घरात ओटा सासूच्या मापाचा आणि सून वाकलेली, याला कोणी प्रश्नच विचारत नाही. सासूबाई दिवसातून एकदा चहा करतात. तिन्ही त्रिकाळ मी उभी असते.

शांता_आजी

आम्ही तर जमिनीवर बसून स्वयंपाक केला. उभ्याचा ओटा आला तेव्हा आमच्या सासवांनीही नाकं मुरडली होती. म्हणून म्हणते, एकमेकींना नावं ठेवून ओटा होत नाही. एका उंचीचा अट्टहासच सोडा. शेगडीचा भाग खाली ठेवा, सिंकचा आणि कणीक मळायचा भाग वर घ्या. सिंकचा तळ तसाही आठ-नऊ इंच खाली असतो, भांडी घासताना सगळ्यात जास्त तिथेच वाकावं लागतं.

उंच_मान

हे पटलं. पण मॉड्युलरवाला म्हणतो दोन उंच्यांत "लूक" जातो.

दगडफूल

लूकला पाठ नसते, त्यामुळे ती दुखत नाही. मॉड्युलरवाल्याला हे सांगा. आता मूळ विषयावर येऊ या का?

यारा_काठ

मेलबर्नहून लिहितोय. मूळ विषयावरच बोलतो, कारण तुम्ही सगळे डाग आणि चकाकीवर अडकलात. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून इंजिनिअर्ड स्टोन, म्हणजे तुमचा हाच क्वार्ट्झ, बनवायला, विकायला आणि बसवायला बंदी आहे. कारण सिलिकोसिस. लादी कापताना उडणारी सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या खनिजाची, धूळ इतकी बारीक असते की ती फुप्फुसात खोल जाते आणि तिथेच राहते. बरा होणारा आजार नाही हा. इथे तरुण पोरांना झाला. माझ्या घरी ओटा बसवायला आलेला मुलगा मास्क न घालता आमच्या अंगणात कटर चालवत होता. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, मी त्याला चहा दिला. आज त्याची आठवण येते आणि पोटात कालवतं.

किरण, कारखान्यातून येणाऱ्या खात्रीचे पैसे मोजलेत. तो चुरा कापणाऱ्याच्या छातीची खात्री कोणी घेतली?

ठाणेकर_किरण

आता मला खुनी ठरवायचं बाकी राहिलंय. ग्रॅनाइट कापताना धूळ उडत नाही का? त्यात सिलिका नसते का? राजस्थानात साध्या वालुकाश्माच्या खाणींत हा आजार आहे, तिथल्या सरकारला २०१९ साली त्यासाठी वेगळं धोरण करावं लागलं. मग दगडच नको म्हणा.

यारा_काठ

सिलिका असते. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव ते निम्म्यापर्यंत, क्वार्ट्झ लादीत नव्वद टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. हा फरक थोडा नाही.

पाथरवट

दोन पिढ्या आमचं हेच काम, म्हणून बोलतो. काळा ग्रॅनाइट म्हणून जो विकतो तो बहुतेक वेळा खरा ग्रॅनाइट नसतोच. डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, त्यात मोकळी सिलिका फार कमी. तरीही धूळ ती धूळच. माझे वडील शेवटी खोकून खोकून गेले. त्या काळी कोणी नाव सांगितलं नाही, "दमा" म्हणाले. आता आम्ही कटरवर पाण्याची धार सोडल्याशिवाय दगडाला हात लावत नाही. पण गिऱ्हाईक ओरडतं, "घरात चिखल नको, कोरडंच कापा." इथे एवढी चर्चा करणाऱ्यांनी हे आधी बंद करा. माप पक्कं द्या, सिंक आणि हॉबचे (दगडात बसवायच्या शेगडीचे) कट-आउट वखारीतच पाण्यावर मारून आणू द्या. दोन दिवस उशीर होईल, होऊ दे.

ओटा फुटतो तो दगडामुळे कमी, कापण्यामुळे जास्त. हॉबच्या कट-आउटचा कोपरा काटकोनात मारला की चीर तिथूनच निघते. मग क्वार्ट्झ असो की ग्रॅनाइट. कोपऱ्यात आधी ड्रिलनं गोल भोक घ्यायचं, मग त्याला येऊन मिळणारे काप मारायचे. आणि हॉबच्या पुढे-मागे उरलेली पट्टी चार बोटांपेक्षा कमी ठेवू नका. कडेच्या पट्टीखाली पाणी तोडायची बारीक खाच मारून घ्या, नाहीतर ओट्यावरचं पाणी मागे वळून ट्रॉल्यांत जातं आणि प्लाय फुगतं.

ठाणेकर_किरण

पाथरवटदादा, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पाण्यावर कापायचं ते सगळ्यांनीच करायला हवं, मान्य. पुढचा ओटा केला तर क्वार्ट्झ नाही घेणार, तेही लिहून ठेवा. पण आत्ता आहे तो उखडून टाकणार नाही. बसलेल्या ओट्यातून धूळ उडत नाही, उखडताना मात्र पुन्हा उडेल.

दगडफूल

मी तरी कुठे उखडा म्हटलंय? तुमची पाटाची युक्ती चालते हेही मान्य, तुमच्या घरात. माझा वाद त्या "देखभाल शून्य"शी आहे. ग्रुपवर मी पाथरवटदादांचा प्रतिसाद जसाच्या तसा टाकतेय, हरकत नसेल तर.

पाथरवट

टाका. फक्त कोरडं न कापण्याचं सगळ्यात वर ठेवा.

उंच_मान

पाथरवटदादा, दोन उंच्यांच्या ओट्यात मधल्या पायरीचा सांधा कसा करायचा? तिथून पाणी मुरेल अशी सासूबाईंना भीती आहे.

पाथरवट

ताई, खालच्या भागाचा दगड वरच्या भागाच्या फाडीखाली इंचभर आत घालायचा, सांधा इपॉक्सीनं भरायचा आणि खालच्या ओट्याला सिंकच्या बाजूला नव्हे, पुढच्या बाजूला अगदी हलका ढाळ द्यायचा. पुढच्या कडेला उठाव असलेली पट्टी लावा म्हणजे पाणी पायावर येणार नाही, तिथून फडक्यानं टिपता येतं. सासूबाईंना माप घ्यायच्या दिवशी समोर उभं करा, हातात कढई देऊन.