मदत हवी आहे : रवांडातल्या श्रमशक्तीची घनता कशी मोजावी?

एमएच्या प्रबंधासाठी रवांडात दर चौरस किलोमीटरमागे किती कामकरी माणसं आहेत, याचा 2000 नंतरचा कल काढतोय. देशाचं क्षेत्रफळ जेमतेम 26,338 चौ.किमी, लोकसंख्येची घनता 2012 च्या जनगणनेत 415, 2022 मध्ये 503. इथवर सरळ आहे.

घोडं अडलंय ते व्याख्येपाशी. 2016 पासूनच्या तिथल्या श्रमशक्ती पाहणीत रोजगाराची 2013 ची नवी आंतरराष्ट्रीय व्याख्या वापरली आहे. म्हणजे डोंगरउतारावरच्या तुकड्यात फक्त घरच्यापुरता घेवडा नि रताळी पिकवणारी बाई रोजगारात धरली जात नाही. आधीच्या पाहण्यांत ती धरली जायची. दोन्ही आकडे जोडले की श्रमशक्ती एकदम घसरलेली दिसते, आणि हे मला पटत नाही, कारण शेतं तर तशीच कसली जात आहेत.

जागतिक बँकेची मालिका पाहिली, पण तिच्यात आयएलओचे (आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे) प्रारूपावरून काढलेले अंदाज आहेत. मला प्रत्यक्ष पाहणीचेच आकडे हवेत. वयोगटही जुळत नाही : रवांडाच्या पाहणीत 16 पासून, आयएलओकडे 15 पासून. फ्रेंच येत नाही, पैसे भरून डेटा घेणं शक्य नाही.

2016 नंतरच्या कच्च्या डेटावरून जुन्या व्याख्येने श्रमशक्ती पुन्हा मोजायची, तर घरच्यापुरती शेती करणारे नेमके कुठल्या प्रश्नांवरून ओळखायचे? आणि भागायचं कशाने, एकूण क्षेत्रफळाने की लागवडीखालच्या जमिनीने?