बॅकस्विंग आखूड करावा का? वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पडलेला प्रश्न

चेंबूरकर

नमस्कार. मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो, हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) 21 आहे आणि गेली नऊ वर्षे शनिवार-रविवारी सकाळी चेंबूरला खेळायला जातो. अडचण ड्रायव्हरची, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबची आहे. चेंडू कधी सरळ जातो, कधी उजवीकडच्या झाडांत शिरतो, आणि दोन्ही वेळा मला स्वतःला हाताला काही वेगळे जाणवत नाही. गेल्या महिन्यात कॅडीने (क्लबची पिशवी घेऊन सोबत चालणाऱ्याने) माझ्या मोबाइलवर समोरून चित्रीकरण करून दाखवले, तेव्हा मी चकित झालो. माझ्या समजुतीप्रमाणे बॅकस्विंगमध्ये, म्हणजे फटक्याआधी मागे नेताना, क्लब वर जाऊन जमिनीला समांतर होण्याआधीच थांबत होता. प्रत्यक्षात तो समांतर रेषा ओलांडून डोक्यामागून खाली झुकत होता, डावे कोपर चांगलेच वाकलेले होते आणि वरच्या टोकाला डाव्या हाताची शेवटची दोन बोटे ग्रिपवरून (क्लबच्या मुठीवरून) सुटलेली होती.

कॅडीचे म्हणणे सरळ होते, "साहेब, अर्ध्यातनंच मारा." तसे मारून पाहिले, तेव्हा सात नंबरचे आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) अगदी स्वच्छ लागले, ड्रायव्हरला मात्र जोरच नाही असे वाटले आणि तिसऱ्या टीपासून (होलची सुरुवात जिथून होते त्या जागेपासून) मी पुन्हा जुन्या सवयीवर आलो. आखूड बॅकस्विंगने अचूकता येते हे पटते, पण अंतराचे काय? आणि आखूड म्हणजे नेमका किती आखूड? ज्यांनी हा बदल जाणीवपूर्वक केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कांगा_लीगचा_जुना_फलंदाज

आपल्या कॅडीशी मी सहमत आहे, फक्त "अर्ध्यातून" या शब्दाने गैरसमज होऊ शकतो.

तरुणपणी मी पावसाळ्यात कांगा लीग ही मुंबईची क्रिकेट स्पर्धा खेळत असे. ओल्या खेळपट्टीवर एक चेंडू घोट्याजवळून जाई, तर दुसरा बरगडीपर्यंत उसळे. अशा वेळी बॅट उंच उचलणारा फलंदाज हमखास अडचणीत येई, कारण उंच गेलेली बॅट वेळेत आणि सरळ खाली आणायची असते. बॅकलिफ्ट कमी करून चेंडू उशिरा खेळणारे टिकत. गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो हे खरे, पण क्लब जितका लांब आणि वाकडा मागे जाईल, तितके त्याला परत आणताना दुरुस्त करावे लागते, हे तत्त्व तेच राहते. वरच्या टोकाला बोटे सुटतात, तेव्हा खाली येताना ती पुन्हा घट्ट धरली जातात, आणि त्या क्षणी क्लबचे तोंड (चेंडूला लागणारी बाजू) किंचित फिरते. ते दर वेळी सारखे फिरत नाही. कधी सरळ, कधी झाडांत, या आपल्या तक्रारीचे मूळ मला तिथे दिसते.

अंतराविषयी. चेंडूचा वेग केवळ क्लबच्या वेगावर ठरत नाही, तो तोंडाच्या कोणत्या भागावर लागतो यावरही ठरतो. उदाहरणादाखल, क्लबचा वेग ताशी 94 मैल असेल, पण चेंडू टोकाकडे लागून चेंडूच्या आणि क्लबच्या वेगांचे गुणोत्तर 1.38 राहिले, तर चेंडू सुमारे 130 मैल वेगाने निघेल. वेग 90 मैलांवर आला, पण चेंडू मध्यावर लागून गुणोत्तर 1.47 झाले, तर चेंडूचा वेग 132 मैल होईल. चार मैल गमावूनही आपण पुढेच असतो. शिवाय ड्रायव्हरच्या टोकाकडे किंवा टाचेकडे (दांड्याजवळच्या भागावर) लागलेल्या चेंडूला आडवी फिरकी मिळते ती वेगळीच. लांब बॅकस्विंगमध्ये क्लबला वेग घेण्यासाठी अधिक वाट मिळते, ही गोष्ट मी नाकारत नाही. पण ती वाट वापरण्याइतकी बोटांची आणि मनगटांची पकड आपल्यापैकी फार थोड्यांकडे असते.

दादरची_फिजिओथेरपिस्ट

या चर्चेत शरीराची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण माझ्याकडे कंबर धरून येणाऱ्या पन्नाशीपुढच्या खेळाडूंत हेच चित्र वारंवार दिसते.

कंबरेचे मणके फिरण्यासाठी बनलेले नाहीत. ते फार थोडे फिरतात. बॅकस्विंगमधले बरेचसे फिरणे छातीच्या मागचे मणके आणि खुबे यांतून यावे लागते. ज्या खेळाडूंचा स्विंग आदर्श मानला जातो, त्यांचे खांदे साधारण 90 अंश आणि खुबे साधारण 45 अंश फिरतात. आता दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आणि त्याच्या आधी-नंतर लोकलमध्ये तास-तास उभे राहणाऱ्या माणसाचे खांदे समजा 70 अंशांवर थांबले. धड थांबले तरी हात थांबत नाहीत. डावे कोपर वाकते, मनगटे झुकतात आणि वरचे शरीर लक्ष्याच्या दिशेने कलते. खेळाडूला वाटते की आपण पूर्ण वळलो. प्रत्यक्षात वळणे केव्हाच संपलेले असते आणि पुढचा सगळा प्रवास केवळ हातांचा असतो. त्या कललेल्या अवस्थेतून जोराने खाली आले की कंबरेच्या उजव्या बाजूवर दाब येतो, आणि हौशी गोल्फपटूंच्या दुखण्यांत कंबर अग्रभागी असते, यात मला नवल वाटत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की आखूड करायचे ते हातांचे जाणे. खांद्यांचे वळणे आखूड करू नये. जेथे खांदे थांबतात, तेथेच हात थांबावेत. ती जागा प्रत्येकाची वेगळी असते. स्पेनचा गोल्फपटू जॉन राहम याचा बॅकस्विंग व्यावसायिकांत उठून दिसावा इतका आखूड आहे आणि त्याचे कारण त्याने 2021 मध्ये स्वतः जाहीरपणे सांगितले होते: जन्मतः त्याचे उजवे पाऊल वाकडे होते, त्यामुळे त्या घोट्याची हालचाल मर्यादित आहे, आणि क्लब फार मागे नेला तर त्याला स्थिरता राहत नाही. शरीराची मर्यादा ओळखून बांधलेल्या त्या स्विंगने त्याला 2021 ची यूएस ओपन आणि 2023 ची मास्टर्स या मोठ्या स्पर्धा मिळवून दिल्या. त्याची नक्कल करा असे मी म्हणत नाही; त्याने आपल्या घोट्याला जो प्रश्न विचारला, तो आपण आपल्या खुब्यांना विचारावा, एवढेच सुचवते.

कंबरेतून पायात कळ जात असेल, तर स्विंग बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

कुलाबा_नऊ_नंबर

मी थोडा विरोधी सूर लावतो. जॅक निकलॉस यांचा बॅकस्विंग उंच आणि भरपूर होता, डावी टाच जमिनीवरून उचलली जात असे, आणि त्यांच्या नावावर 18 मेजर (गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची) विजेतेपदे आहेत. जॉन डेलीचा क्लब समांतर रेषेच्या कितीतरी खाली जाई. त्यानेही 1991 ची पीजीए चॅम्पियनशिप आणि 1995 ची ब्रिटिश ओपन जिंकली. उलट टोकाला डग सँडर्स यांचा स्विंग अत्यंत आखूड होता आणि त्यांनी पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकेत 20 स्पर्धा जिंकल्या. (1970 मध्ये सेंट अँड्र्यूजला त्यांची ओपन हुकली ती शेवटच्या होलवर चेंडू भोकात ढकलण्याचा छोटा फटका चुकल्यामुळे आणि बरोबरीनंतरच्या जादा फेरीत हरल्यामुळे, त्याचा दोष बॅकस्विंगला देता येणार नाही.) तेव्हा लांबी हा स्वतःमध्ये गुण नाही आणि दोषही नाही.

मला अधिक भीती वाटते ती घाईची. बॅकस्विंग आखूड केला की बहुतेकांचे हात वरून एकदम खाली झेपावतात, उजवा खांदा बाहेर येतो आणि स्लाइस (चेंडूचे उजवीकडे वळणे) वाढतो. व्यावसायिकांमध्ये वर जाण्याचा काळ खाली येण्याच्या काळाच्या साधारण तिप्पट आढळतो. लांबी कमी केली तरी हे प्रमाण सांभाळावे लागते, म्हणजे वर जाताना पूर्वीपेक्षा सावकाश जावे लागते. चेंबूरकरांना ड्रायव्हरला जोर नाही असे वाटले, त्याचे कारणही कदाचित हेच असावे. आणि ज्यांचे खुबे ताठ आहेत, त्यांनी डावी टाच थोडी उचलू द्यावी. खांदे आपोआप थोडे अधिक वळतात.

चेंबूरकर

सर्वांचे मनापासून आभार. टाचेचा मुद्दा माझ्यासाठी नवा आहे, कारण आजवर मी टाच जमिनीला चिकटवून ठेवणे हाच शिस्तीचा भाग मानत होतो. एक शंका राहते: आपला हात नेमका कुठे थांबतो आहे, हे खेळताना कळावे कसे? चित्रीकरणात दिसते ते मला जाणवत नाही, हीच तर मुख्य अडचण आहे.

कांगा_लीगचा_जुना_फलंदाज

जाणवणे आणि असणे यांत अंतर असतेच, म्हणून जाणीव मुद्दाम अतिशयोक्त करावी लागते. सकाळी साडेसातच्या सुमारास सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. आपली सावली पुढे, चेंडूच्या बाजूला पडते. चेंडू न ठेवता सावकाश क्लब मागे न्या आणि डावा हात जमिनीला समांतर झाला की थांबून सावली पाहा. आपल्याला वाटेल की हात जेमतेम कमरेपर्यंत आला आहे. प्रत्यक्ष चेंडू मारताना याच जाणिवेवर थांबायचे ठरवा. वेगामुळे हात थोडे पुढे जातीलच आणि योग्य जागी पोहोचतील. डाव्या हाताची शेवटची तीन बोटे सुटत नाहीत ना, याकडे तेवढे लक्ष ठेवा. ती घट्ट राहिली, तर क्लब फार खाली झुकूच शकत नाही.

सुरुवात सात नंबरच्या आयर्नने करा आणि निदान तीन आठवडे ड्रायव्हर पिशवीतच राहू द्या. सध्याचा पावसाळा या सरावाला अनुकूल आहे. ओल्या जमिनीवर चेंडू फारसा घरंगळत नाही, बूट निसटतात, ग्रिप ओली होते. अशा वेळी तोल राखून मध्यावर मारलेला चेंडूच उपयोगी पडतो.

चेंबूरकर

आज सकाळी पाऊस थांबल्यावर तासभर सराव केला. सूर्य ढगाआड असल्याने सावली मिळाली नाही, म्हणून कॅडीलाच हात समांतर झाला की "बस" म्हणायला सांगितले. साठ चेंडू मारले. चित्रीकरणात क्लब अजून समांतर रेषेपर्यंत जातो, पण तिच्या खाली झुकत नाही, आणि बोटे ग्रिपवरच आहेत. घाई मात्र होते आहे. शेवटच्या वीस चेंडूंत मी वर जाताना मनात तीन अंक मोजले, तेव्हा ती कमी झाली. पुढच्या रविवारी पुन्हा लिहीन.